नवसाची भिंत

हर्षालीनं अख्ख्या भोकरवाडीला बजावून ठेवलं होतं, "इंग्रजीचं टेन्शन कुणी घ्यायचं नाय. पावण्यांशी बोलायचं ते मी बघते. तुमी फक्त हसा."

आणि तिला तसं बजावायचा हक्कच होता! धसईच्या शाळेत नववीच्या सहामाहीला ती इंग्रजीत पहिली आली होती. तेव्हापासून तिची मान अशी काही ताठ झाली होती की हापशीवरून पाण्याचा हंडा आणताना तिला चुंबळीचीसुद्धा गरज भासत नव्हती. त्यात ही बातमी! थेट कॅनडाहून पाहुणे येणार, वाडीत राहणार, स्वतःच्या हातांनी शाळेची नवी खोली बांधणार. आणि त्यांचं म्हणणं वाडीला, वाडीचं म्हणणं त्यांना सांगणार कोण? हर्षाली! धसईच्या वर्गात तिनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली की शेवटी बाकावरच्या मैत्रिणी कानात बोटं घालून बसायला लागल्या.

पण यात नुसता भाव खाण्याचा मामला नव्हता. वाडीतली शाळा होती सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर ओढा ओलांडून, रान तुडवून धसई गाठायची. हर्षाली तशी जात होती. तिची धाकटी बहीण भिमी यंदा सातवीत होती, आणि आईनं, म्हणजे सुंदरानं, आत्ताच निकाल लावून टाकला होता. "एक पोर घरी येईस्तवर जीव टांगणीला असतो, तेवढा घोर बास. दुसरी नाय धाडायची." गुरुजी म्हणाले होते की खोली तयार असेल तर जूनमध्ये आठवीचा वर्ग वाडीतच सुरू होईल. म्हणजे सगळा हिशेब सरळ होता. खोली झाली तर भिमी आठवीत, नाही झाली तर भिमी म्हशीमागं.

पाहुणे आणणाऱ्या संस्थेच्या अनिता मॅडम ठाण्याहून जीपनं आल्या आणि त्यांनी एक अट घातली. म्हणाल्या, ही मंडळी राबायला येताहेत, मिरवायला नाही. चारही भिंती त्यांच्या हातच्या हव्यात. त्यांचे काम करतानाचे फोटो आले तरच संस्था छपराचे पत्रे पाठवणार.

"एवढंच ना," हर्षाली म्हणाली.

भाताची झोडणी उरकून वाडी जरा निवांत झाली आणि पाहुणे आले. डोक्याला पिवळी टोपडी, हातांत मोजे, पायांत असे बूट की एकेका बुटात कोंबडी अंड्यावर बसावी. त्यांचे म्होरके रॉजर. धंद्यानं दातांचे डॉक्टर, आणि उंचीनं इतके की समाजमंदिराच्या चौकटीला रोज सकाळी कपाळानं सलामी दिल्याशिवाय बाहेर यायचे नाहीत. त्यांच्यासोबत मार्थाबाई. पांढऱ्या केसांच्या, गुटगुटीत, तिकडं शाळेत शिक्षिका होत्या. बाकीची तरुण मंडळी होती, ती उन्हात दोन दिवसांत इतकी लाल झाली की कोण कोणता ते वाडीला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. सगळे त्यांच्या गावच्या चर्चमधून आले होते आणि निघताना त्यांना एकच गोष्ट पढवून ठेवली होती. जिथं जाल तिथल्या चालीरीतींचा मान राखा. कळली नाही तरी राखा!

पहिल्या सकाळी रॉजरनी विटांचं घमेलं उचललं. ते कमरेपर्यंत येतं न येतं तोच सकुबाईनं झडप घालून ते हिसकावून घेतलं.

सकुबाई म्हणजे वाडीची सुईण. वाडीतलं अर्धंअधिक माणूस तिच्याच हातावर जन्माला आलेलं, त्यामुळं तिच्यापुढं कुणाचा आवाज चढत नसे. ती कमरेवर हात ठेवून हर्षालीला म्हणाली, "आमच्या दारात येऊन पावण्यानं विटा उचलायच्या? आनी आमी काय बघत बसायचं? बस म्हण त्याला खाटेवर."

"अगं आत्या, ते त्याच्यासाठीच आलेत."

"येईनात का. आमची काय रीतभात हाय का नाय?"

झालं! मार्थाबाईंनी फावडं धरलं, की एक बाई येऊन ते काढून घेई आणि हातात चहाचा कप देई. तरुण पोरांनी रेतीला हात लावला, की वाडीची पोरं त्यांना उचलून आंब्याखाली नेऊन बसवत. मोजे घातलेल्या त्या पाहुण्यांना दुपारपर्यंत इतका चहा पाजला गेला की ते हलले तरी आतून आवाज यायचा. तिकडं वाडीनं मात्र ईर्षेनं पाया भरून काढला. पाहुण्यांच्या पुढ्यात कमी पडायचं नाही म्हणून माणसं अशी राबली, की घरच्या कामाला कधी तशी राबली नसतील.

संध्याकाळी अनिता मॅडमनी कॅमेऱ्यातले फोटो पाहिले आणि त्यांचा चेहरा विझला. एकूण एक फोटोत वाडी विटा वाहत होती आणि पाहुणे खाटेवर बसून चहा पीत होते.

"हर्षाली, असे फोटो गेले तर पत्रे विसर," त्या म्हणाल्या आणि कॅमेरा तिच्या हाती देऊन जीपमध्ये बसून ठाण्याला गेल्या.

हर्षाली घरी आली तर भिमी पुस्तकांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं घालत बसली होती. आठवीची पुस्तकं! ताईचीच जुनी. ती तडक सकुबाईच्या पडवीत गेली आणि तिथं बसल्या बसल्या तिच्या डोक्यात वीज चमकली.

"आत्या, एक गोष्ट सांगायची राहिलीच," ती आवाज उतरवून म्हणाली. "त्यांचा नवस हाय."

सकुबाईच्या हातातलं सूप थांबलं. "कुनाचा?"

"सगळ्यांचाच. तिकडं त्यांच्या देवाला बोलले होते. परमुलखात जाऊन सोताच्या हातानं भिंत उभारू म्हणून. आता तुमी त्यांना हात लावू देत नाय, मग कसा फिटायचा?"

सकुबाईनं सूप खाली ठेवलं आणि स्वतःच्या दोन्ही गालांवर हलके मारून घेतलं. "आधी नाय का सांगायचं गो. केवढं पाप झालं असतं माज्या हातनं."

दुसऱ्या सकाळी वाडीचा नूरच पालटला. रॉजरनी घमेलं उचललं आणि कुणीही पुढं आलं नाही. उलट सगळे चार पावलं मागं सरले आणि हात जोडून उभे राहिले! मार्थाबाई रेतीच्या ढिगावर घसरून सपशेल बसल्या तरी कुणी उठवायला गेलं नाही. नवसाच्या माणसाला मदत केली तर नवस अर्धा आपल्या अंगावर येतो, हे वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मार्थाबाई बिचाऱ्या आपल्या आपण उठल्या, तेव्हा बायकांनी कौतुकानं माना डोलावल्या.

हर्षाली खूश! फोटो एकदम झकास यायला लागले. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. नवस म्हटला की त्याच्यामागून त्याची सगळी वरात येते.

सकुबाईनं पाहुण्यांचे बूट काढायला लावले. नवसाचं काम आणि चामडं पायात? रॉजरनी हर्षालीला विचारलं, हे का? आता यांना खरं कसं सांगणार? चर्चची माणसं ती! हर्षाली म्हणाली की आमच्याकडं अनवाणी बांधलेली भिंत जास्त टिकते. रॉजरनी गंभीरपणे मान हलवली आणि ते सगळ्यांना समजावून सांगितलं. चालीरीतींचा मान राखायचा होता ना! पाचदहा मिनिटांत अख्खा कॅनडा खडीवरून "आऊ आऊ" करत चालायला लागला.

मग जेवण. वाडीनं पाहुण्यांसाठी कोंबड्या राखून ठेवल्या होत्या, त्या मोकळ्या सोडल्या. नवसाच्या माणसाला वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेली रताळी. सकाळी तेच, रात्री तेच. रॉजर ताटाकडं बघत, मग अंगणात फिरणाऱ्या कोंबड्यांकडं बघत, मग हर्षालीकडं बघत. हर्षाली आभाळाकडं बघे. तिनं सांगून टाकलं होतं की हा इथल्या बांधकाम करणाऱ्यांचा खास आहार आहे. आठवडा सरला तसे रॉजर पँटला सुतळी बांधून फिरायला लागले.

तिकडं भिंत मात्र स्वतःच्या मनानं चालली होती. डाव्या बाजूची तर गाभण म्हशीसारखी मधेच फुगली होती. वाडीचा गवंडी मंगळू रोज ओळंबा घेऊन येई, लांब उभा राही आणि हळहळत बसे. हर्षालीनं त्याला म्हटलं, काका, जरा हात लावा ना. तर तो तीन हात लांब उडाला.

"नवसाच्या कामाला हात लावू? मला बायकापोरं हायत."

"पडेल हो ती."

"पडू दे. देवाची मर्जी."

ती पडायची ती रॉजरच्या पोटानंच पाडली. धसईच्या बाजाराच्या दिवशी ते सुतळी सावरत एकटेच गेले आणि एका हातगाडीपाशी उभे राहून त्यांनी ऑम्लेट-पाव हाणला. एक नाही, गाडीवाल्याची अंडी संपेपर्यंत! त्या बाजारात भोकरवाडीची निम्मी माणसं होती. रॉजर ढेकर देत वाडीत पोचायच्या आधीच खबर पोचली होती.

"नवस मोडला," सकुबाईनं जाहीर केलं. "जी भिंत त्याच्या हातची, ती उतरवायची आनी फिरून बांधायची."

रॉजरच्या हातची भिंत म्हणजे नेमकी ती गाभण भिंत. हर्षालीनं पाहुण्यांना सांगितलं की इथं भिंत एकदा उतरवून पुन्हा बांधली की जास्त मजबूत होते. रॉजरनी पँटची सुतळी आवळली. मग त्यांनी निमूटपणे पहिली वीट काढली. या खेपेला मंगळूला धीर आला. त्यानं स्वतः हात लावला नाही, पण आंब्याच्या फांदीवर चढून बसला आणि लांब काठीनं "इकडं घे, तिकडं ढकल" असं क्रिकेटच्या अंपायरसारखं खुणावत राहिला. भिंत सरळ झाली आणि मंगळूची कॉलर ताठ.

पण बाजारानं आपलं काम केलं होतं. ऑम्लेटच्या बातमीबरोबर नवसाची बातमीही गेली होती, आणि बाजारातून गेलेली बातमी म्हणजे एसटीत शिरलेली माणसं. आत गेल्यावर दुप्पट होतात! दोन दिवसांनी शेजारच्या वाडीतून एक बाई आली. पदराखाली एक वीट, विटेला हळदकुंकू. तिला नातू हवा होता. नवसाच्या भिंतीत आपलीही एक वीट बसली तर बरं, एवढंच तिचं मागणं. तिच्या मागून सावळाराम नावाचा एक शेतकरी आला. त्याची म्हैस विऊनही पान्हा चोरत होती, दूधच देत नव्हती.

पाहुण्यांना काय सांगायचं? "लोकसहभाग," हर्षाली म्हणाली. हा शब्द अनिता मॅडमच्या तोंडी सारखा असायचा. रॉजरना तो इतका आवडला की त्यांनी सावळारामाला मिठीच मारली, त्याची वीट स्वतः लावली आणि वरून कुंकू कपाळाला पुसलं गेलं तरी तसंच राहू दिलं. मार्थाबाईंनी कोपऱ्यावर नारळ फोडला. पहिल्या फटक्यात! बायकांनी तोंडात बोटं घातली.

आणि संध्याकाळी सावळारामाच्या म्हशीनं पान्हा सोडला.

मग काय विचारता! टोकावड्यापासून, सरळगावापासून माणसं यायला लागली. जो तो वीट घेऊन. कुणाला नोकरी हवी, कुणाच्या जावयाची दारू सुटायला हवी, एक पोरगा तर गणिताचा पेपर सोपा जावा म्हणून अर्धीच वीट घेऊन आला होता. भिंती भराभर वर चढल्या. आंब्याखाली बर्फाच्या गोळ्याची गाडी लागली, फुगेवाला आला. कोपऱ्यात कुणीतरी भगवं निशाण रोवलं. त्याबद्दल रॉजरनी विचारलं तर हर्षाली म्हणाली, पत्रे आणणाऱ्या ट्रकला लांबून दिसावं म्हणून. आता ती झोपेतही खोटं बोलू शकली असती. दोन्हीकडच्या लोकांना दोन गोष्टी सांगून सांगून तिची अवस्था दोन म्हशी दोन दिशांना ओढताहेत अशी झाली होती, पण भिंती छताच्या उंचीला पोचल्या होत्या, फोटो पोचले होते, पत्र्यांचा ट्रक निघाला होता. जिंकलो! असं ती मनात म्हणते न म्हणते तोच सकुबाईनं वाडीची बैठक बोलावली.

"जागा जागृत हाय," सकुबाई म्हणाली. "म्हशीनं कौल दिला. आता हितं पोरं बसवायची? चपला घालून? भिंतीला शेंबूड पुसायला? ते काय जमायचं नाय. हितं देऊळ व्हईल. शाळेचं पुढं बघू कंदीतरी."

सगळ्यांनी माना हलवल्या. हर्षालीच्या आईनंसुद्धा! हर्षालीला वाटलं, आपल्या पायाखालची खडी सरकली. मागं वळून पाहिलं तर भिमी दाराशी उभी होती, कॅलेंडरची कव्हरं घातलेली पुस्तकं छातीशी धरून.

"ताई, मंग मी कुठं बसू?" तिनं विचारलं.

पत्रे चढले. दुसऱ्या दिवशी खोली गावाला सोपवायचा कार्यक्रम होता. अनिता मॅडम आल्या, गुरुजी टोपी घालून आले, रानोमाळची माणसं नारळ घेऊन आली. हर्षाली सकाळपासून गर्दीतून नुसती फिरत होती. शेवटी ती विटांच्या ढिगावर चढली आणि जे आयुष्यात कधी करायचं नाही असं ठरवलं होतं ते तिनं केलं. खरं सांगून टाकलं.

"नवसबिवस काय नाय. मी बनवलं होतं. त्यांना काम करू द्यावं म्हणून. सगळं माझंच."

सकुबाई पुढं आली, तिनं हर्षालीच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि मग गर्दीकडं वळून शांतपणे म्हणाली, "पोरीला वारा लागलाय. लिंबू आणा कुनी."

लिंबू आलं! हर्षालीच्या डोक्यावरून ते उतरवलं जात होतं, ती "अहो ऐका" म्हणत होती, लोक तिच्याकडं कणवेनं बघत होते. जितकं खोटं बोलली तितकं सगळ्यांनी मानलं होतं आणि एकदाच खरं बोलली तर लिंबू!

या गडबडीत मार्थाबाईंकडं कुणाचं लक्ष नव्हतं. त्या शिक्षिका होत्या. इतके दिवस अनवाणी चालून, रताळी खाऊन खोली बांधली ती वर्गात मुलं बसलेली पाहायला, आणि मुलं तर बाहेर उभी! त्या उठल्या, निशाणाला वळसा घालून आत गेल्या, जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न करून धपकन बसल्या आणि दारातल्या भिमीला हातानं खूण केली. ये. भिमीनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा ताईकडं, आणि ती सरळ आत जाऊन त्यांच्या समोर बसली. मार्थाबाईंनी काहीतरी विचारलं. भिमीला इंग्रजी कळलं नाही, पण समोर शिक्षिका बसल्यावर जे करायचं ते तिनं केलं. खणखणीत आवाजात तेराचा पाढा सुरू केला.

मार्थाबाईंना भरून आलं. त्या रडत रडत काहीतरी बोलल्या. खरं तर त्या एवढंच म्हणाल्या की मला माझ्या वर्गाची फार आठवण येते आणि कुणी मला उठायला मदत करेल का. पण दुभाषी कोण होती? हर्षालीनं डोक्यावरचं लिंबू बाजूला केलं.

"बाई म्हणतात, नवस आत्ता फिटला! पोरं आत बसून पाढा म्हणतील तेव्हाच फिटणार होता. आनी एकदा बसलेली पोरगी उठवली, तर तो परत चढेल. उठवणाऱ्यावर."

सकुबाईनं आत पाहिलं. रडणारी मार्थाबाई, तेराचा पाढा, बाहेर कोपऱ्यात निशाण. तिनं बराच विचार केला आणि मग सुंदराकडं वळून म्हणाली, "तुज्या पोरीला आता हितनं उठवू नको बाय. आठवी होईस्तवर तरी."

सुंदरा घाबरून म्हणाली, "मी कशाला उठवू?"

जूनमध्ये आठवीचा वर्ग भरला. निशाण कोपऱ्यातच राहिलं, चपला बाहेर राहिल्या आणि जागृत जागेत पोरांवर हात उगारायचा नाही म्हणून गुरुजींची छडी घरी राहिली. त्याच्या आधीच पाहुण्यांचं एक पाकीटही आलं होतं, त्यात फोटो. त्यांच्या गावच्या चर्चला नवी खोली बांधायला घेतली होती. आजूबाजूला गुडघाभर बर्फ, आणि रॉजर, मार्थाबाई आणि झाडून सगळे अनवाणी! कोपऱ्यावर नारळ फुटलेला होता. तिकडं म्हणे अशी बांधलेली भिंत जास्त टिकते.

हर्षाली हा फोटो जो भेटेल त्याला दाखवायची. दहावीचं वर्षभर ती असल्या तोऱ्यात होती की विचारू नका. निकाल लागला, फर्स्ट क्लास आला, ती उड्या मारत घरी आली, तर सुंदरा उंबऱ्यात पेढ्यांऐवजी घमेलं घेऊन उभी.

"मी बोलले होते भिंतीला," आई म्हणाली. "पोरगी फर्स्ट क्लासात आली तर नववीच्या खोलीच्या विटा ती सोता वाहील. चपला काढ. आनी आजपासून रताळी."

भिमी आठवी पास झाली होती, तिला नववीची खोली हवीच होती. त्यात पाऊस लांबलेला, ऊन असं की खडी तव्यासारखी. हर्षालीनं विटांनी भरलेलं घमेलं कसंबसं गुडघ्यापर्यंत उचललं आणि आजूबाजूला पाहिलं. सगळी वाडी आंब्याखाली हात जोडून उभी होती. मंगळूकाका फांदीवर काठी घेऊन तयार होते. एकही माणूस पुढं येईना.

"भिमे," ती कण्हत म्हणाली, "जरा एक बाजू धर ना गो."

भिमी चार पावलं मागं सरली.

"नको गो ताई," ती हात जोडून म्हणाली. "नवस हाय."